पाठकोरा

फोन आला तेव्हा मी गंगाधाम चौकात,
मोबाईल हेल्मेटात कोंबलेला, कानाला घाम.
"तांबोळी, प्रिंटर मेला. एकतीस मार्च आहे. या."
भिंताडे साहेब असेच बोलतात,
पूर्णविराम आधी, वाक्य नंतर.

बिबवेवाडीतली पतसंस्था, पहिला मजला.
खाली रसवंती, तिची घुंगरं जिन्यानं वर येतात.
पाच टेबलं, पाच संगणक,
आणि फ्रीजशेजारी स्टुलावर तो एकटा,
हिरवा दिवा लावून, पोटभर कागद घेऊन बसलेला.
मेला वगैरे काही नव्हता.

निदान सगळ्यांकडे तयार होतं.
कॅशियर वाघोले म्हणाले, शाई.
शिपाई म्हणाला, उंदीर, गेल्या दिवाळीत वायर त्यानंच खाल्लेली.
नवी मुलगी, मृण्मयी दांगट, म्हणाली, अपडेट.
खळदकर बाई काहीच म्हणाल्या नाहीत.
त्या फक्त पुन्हा पुन्हा बटण दाबत होत्या,
आतून कुणी उघडत नसताना
कडी वाजवत राहावी तसं.

केबल काढली, फुंकली, लावली.
फुंकल्यानं काही होत नाही,
पण बघणाऱ्यांना बरं वाटतं. मलाही.
पहिल्या टेबलावरून हाक मारली, १९२.१६८.१.१२.
यंत्र चार वेळा हाक मारतं.
चारही वेळा एकच उत्तर: वेळ संपली.
दुसऱ्या टेबलावरून तेच. पाचव्यावरून तेच.
एकाचं अडलं तर टेबल बघावं,
पाचांचं अडलं तर स्टूल.

मग त्यालाच विचारलं.
बटण पाच मोजेपर्यंत धरून ठेवलं
आणि तो स्वतःबद्दल एक पानभर बोलला:
नाव, वय, आजवर छापलेली पानं एक लाख बारा हजार,
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, पत्ता.
शेवटी बारा नव्हतं. सदतीस होतं.

"शनिवारी कोण आलं होतं?"
इंटरनेटवाल्यांचा पोरगा. नवा राउटर लावून गेला.
चहासुद्धा घेतला नाही.
त्या राउटरनं सगळ्यांना नव्यानं आकडे वाटले.
हा जागचा हललाही नाही
आणि पाच जण तीन दिवस
रिकाम्या घरात पत्रं टाकत होते.

"अहो, समोर तर आहे स्टुलावर!" साहेब म्हणाले.
"नुसतं समोर असून भागत नाही, साहेब."

सदतीस त्याच्या नावानं राखून टाकला, कायमचा.
पाचही टेबलांना नवा आकडा सांगितला.
चाचणीचं पान आलं.
मृण्मयीनं टाळी वाजवली, एकच, आणि लाजली.

रांगेत अडकलेले त्रेचाळीस कागद.
"उडवू?"
साहेब म्हणाले उडवा, खळदकर बाई म्हणाल्या नको,
तोवर ते सुटलेच.
ठेवपावत्या, तेरीज, वाघोल्यांच्या लेकीचा बायोडेटा,
आणि एकच अर्ज, नऊ वेळा.
बाईंनी तो कोमट गठ्ठा छातीशी धरून नेला.
एकावर सही करून साहेबांच्या ट्रेमध्ये, पालथा.
आठ पाठकोऱ्यांच्या खोक्यात.
बत्तीस वर्षांची नोकरी, कागद फाडवत नाही.

बिल तिथंच छापलं. साडेसातशे.
"तुमची प्रत पाठकोऱ्यावर काढा," साहेब म्हणाले.

रात्री कोंढव्यात, जेवणानंतर, सहज उलटं केलं.
विषय: पत्ता बदलल्याबाबत.
सहकारनगरचा फ्लॅट जाऊन
धायरीत कुणा मारणेंच्या गच्चीवरची खोली.
एका ओळीत, कारणाशिवाय.
"तरी यापुढे जुन्या पत्त्यावर काहीही पाठवू नये."

"काय वाचताय एवढं?" शाहीननं विचारलं.
बिल, म्हटलं.
पंच मारला, फाईलला लावलं.
पैसे अजून यायचेत.